ट्रायसोमीचे तीन सोमवार

मढच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याला एक पत्र्याची शेड होती. दर सोमवारी सकाळी तिथे इतक्या गाड्या लागत की परक्या माणसाला वाटावं, आत लग्न आहे. जीप, पिकअप, मोटारसायकली, अधूनमधून पुण्याची एखादी मोटारसुद्धा. फक्त लग्नात नवरी एक असते. इथे आलेली प्रत्येक दुसरी बाई पोटुशी, आणि तिच्या हातात सोनोग्राफीच्या रिपोर्टांची पिशवी. शेडसमोरच्या आंब्याला बोटभर लांबीचे पाळणे टांगलेले होते, लाकडाचे, प्लास्टिकचे, कापडाचे. ज्या बाईचं बाळ धडधाकट झालं ती येऊन एक पाळणा बांधायची. झाड पाळण्यांनी वाकलं होतं.

आत गादीवर पाळणेमहाराज बसलेले. अंगात भगवी कफनी, मनगटात स्मार्ट घड्याळ. पुढ्यात चिनी मातीचा पांढरा वाडगा, वाडग्यात पिवळं पाणी, शेजारी लिंबांची टोपली. एक तरुण बाई पुढे आली. महाराजांची सेविका लंकाबाई हिने तिच्या दोन्ही तळव्यांना पांढरं भस्म चोळलं. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "बुडव हात, माय."

बाईने हात बुडवले आणि पिवळं पाणी बघता बघता रक्तासारखं लाल झालं.

शेडभर एकच सुस्कारा उमटला. एका म्हातारीने तिथल्या तिथे डोकं जमिनीला टेकलं.

"दिसला का? ह्यो गर्भातला दोष," महाराज म्हणाले. "डागदर नुसता कागदावर लिवून देतो. आमी दावतो." मग त्यांनी लिंबू कापलं, मंत्र पुटपुटत वाडग्यात पिळलं, आणि लाल पाणी परत पिवळं झालं. "सुटायला लागला. पर मुळासकट काढायचा तर तीन सोमवार उपास धरून यावं लागंल."

"तीनच का, महाराज?" कुणीतरी विचारलं.

महाराज या प्रश्नाचीच वाट बघत असावेत. "डागदर काय म्हणतो? क्रोमोसोम बिघडला. आता क्रोमोसोम म्हंजी काय? क्रम-सोम. सोम म्हंजी चंद्र. चंद्राचा क्रम चुकला की पोटात क्रमसोम चुकतो. शब्द आपलाच हाय, विंग्रजांनी पळवला. आन् रिपोर्टात लिवत्यात ट्रायसोमी. त्याचा अर्थ काय? तीन सोमवार ट्राय करायचं."

मला जोराचा ठसका लागला. सासूबाईंनी पाठीत चापट मारली. ठसका थांबावा म्हणून की मी गप्प बसावं म्हणून, ते कळलं नाही.

मी रत्ना. बोरी बुद्रुकची थोरली सून. हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्या गर्दीत मी आले होते ती माझी धाकटी जाऊ समृद्धी हिच्यासाठी. पाचवा महिना लागायच्या सुमारास नारायणगावच्या डॉक्टर अनिसा आतार यांनी तिच्या रक्ताची एक तपासणी केली होती. पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम (एक विशिष्ट क्रोमोसोम दोनाऐवजी तीन, म्हणजेच ट्रायसोमी) असण्याची शक्यता किती, याचा अंदाज तीत येतो. रिपोर्टावर ठळक अक्षरांत 'हाय रिस्क' आलं आणि घरात चूल पेटायची राहिली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "हा नुसता अंदाज आहे. खात्री करायची तर पुण्याला पोटातून बारीक सुईने बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून तपासतात. त्यात थोडासा धोका असतो, तोही सांगते. पण उत्तर पक्कं मिळतं." सासूबाईंच्या कानांनी त्यातली फक्त 'पोटात सुई' तेवढी घेतली. शेजारणीने पाळणेमहाराजांचं नाव सुचवलं आणि पुढचा सोमवार ठरला.

समृद्धीची पाळी आली. पाणी लाल झालं, लिंबाने पिवळं झालं. माझा दीर सुदर्शन, ट्रॅक्टरचं अख्खं इंजिन उघडून बसवणारा माणूस, डोळे पुसत होता.

"आन् एक ध्यानात ठेवा," महाराजांनी बजावलं. "सुईची तपासणी करायची न्हाई. सुई टोचली की दोष जागा व्हतो."

परत येताना जीपमध्ये मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, ते पिवळं पाणी म्हणजे हळद आहे. आणि भस्मात चुना आहे. हळदीला चुना लागला की लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. आठवीची पोरं शाळेत करतात."

"तुझ्या शाळेचं शाळंत ठिव," माझ्या सासूबाई, साळुबाई, म्हणाल्या. मग त्यांनी उलट मलाच विचारलं. "बरं, पाण्याचं खोटं धरू. पर झाडावरलं पाळणं? त्या बायांचं रिपोर्ट खरं व्हतं ना? तुझ्याच डागदरांचं व्हतं. तरी पोरं नीट कशी झाली?"

रिपोर्ट खरे होते. पोरंही खरी होती. त्या गर्दीतल्या दोन-तीन आया मी डोळ्यांनी बघितल्या होत्या, कडेवर गुटगुटीत बाळं घेऊन आलेल्या. हळदीचं कोडं मी चुटकीसरशी सोडवलं होतं, पण पाळण्यांचं कोडं मला सुटेना. विज्ञानाची बाई म्हणून मिरवणाऱ्या मला ते फार टोचलं.

समृद्धीलाही टोचलं असावं. दोन दिवसांनी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, मला डॉक्टरांकडं न्या. आईंना सांगू नका."

डॉक्टर अनिसांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. पाळण्यांचं ऐकल्यावर त्या हसल्या. "रिपोर्ट काढा बघू. इथं काय लिहिलंय?"

"हाय रिस्क," समृद्धी म्हणाली.

"त्याच्या खाली, बारीक अक्षरात?"

समृद्धीने वाचलं. "एकास नव्वद."

"म्हणजे तुझ्यासारखा रिपोर्ट आलेल्या नव्वद बायका घेतल्या, तर साधारण एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल. बाकीच्या एकोणनव्वद जणींच्या बाळांना नसेल. त्यांनी उपास केले तरी नसेल आणि रोज मिसळ खाल्ली तरी नसेल. माझ्याकडं असा रिपोर्ट येऊन कुठंच न गेलेल्या बायका आहेत, त्यांचीही बाळं बहुतेक सगळी ठीक झाली. मग मीही दवाखान्याबाहेर झाड लावून पाळणे टांगू का?"

समृद्धीने रिपोर्ट पुन्हा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी राग दिसला.

"पण ती एक बाई मीच असले तर?" तिने विचारलं.

"तर आपल्याला वेळेत कळेल," डॉक्टर म्हणाल्या. "मग काय करायचं ते तू आणि सुदर्शन ठरवा. बाळ ठेवायचं ठरवलंत, तर त्याचं हृदय आधीच तपासता येतं, बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करता येतं. मी खरं काय ते सांगेन, ठरवणार तुम्ही. फक्त हे सोमवार मोजत बसाल, तर ठरवायची वेळ निघून जाईल."

घरी आम्ही सगळं सांगून टाकलं, पण सासूबाई ऐकायला तयार नव्हत्या; दुसरा सोमवारही त्यांनी करायला लावला. "शेवटचा सोमवार तेवढा व्हऊ दे, मग काय ती सुई टोचा," इथपर्यंत त्या कशाबशा आल्या. म्हणून तिसऱ्या सोमवारी आम्ही सगळे मढला गेलो. या खेपेला सासरे कुंडलिकतात्याही होते. तात्या देवभोळे नाहीत आणि नास्तिकही नाहीत. त्यांची श्रद्धा तंबाखूवर.

शेडच्या दाराबाहेर पाण्याची टाकी होती. तिथे एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीचा चेहरा गोल, डोळे किंचित तिरपे, जीभ जराशी पुढे. नळाखाली हात धरून ती स्वतःशीच हसत होती. तिला डाउन सिंड्रोम आहे हे मला बघताक्षणी कळलं, कारण आमच्या शाळेत असा एक मुलगा होता.

"आत नाही जात?" मी विचारलं.

"आमाला शेवटी बोलावत्यात. समद्या गेल्यावर," ती म्हणाली. तिचं नाव अंजना, गाव घाटघर. मुलगी आरोही. आरोही पोटात असताना अंजनाचाही रिपोर्ट 'हाय रिस्क' आला होता. तीही तीन सोमवार आली, सुईची तपासणी केली नाही, आणि आरोही झाली. "म्हाराज म्हणलं, तूच कायतरी मोडलं असशील. दुसऱ्या सोमवारी म्या जुन्नरला भेळ खाल्ली व्हती. उपास मोडला. माझ्यामुळं झालं हे."

"आणि आता कशाला येता?"

"अजून सुटंल म्हणत्यात दोष. तवर अंगणवाडीत घालू नको, दवाखान्यात नेऊ नको, नजर लागती." आरोही खोकली. अंजनाने तिची पाठ चोळली. "चढ चढली का दम लागतो हिला. दोषानंच."

पाच वर्षं ही बाई एका भेळीचं ओझं डोक्यावर घेऊन हिंडत होती. माझा ठसका आणि माझी गंमत दोन्ही तिथेच संपली.

तेवढ्यात आतून समृद्धीचं नाव पुकारलं गेलं. आम्ही आत गेलो. माझ्या मागोमाग, आईचा हात सोडून, आरोहीही आली. लंकाबाई पुढच्या बायकांसाठी तीन-चार वाडगे भरून ठेवत होती. आरोहीला ते पिवळंधमक पाणी दिसलं. ती थेट गादीपाशी गेली आणि तिने दोन्ही हात मनगटापर्यंत एका वाडग्यात खुपसले.

सगळ्यांच्या माना वाडग्याकडे वळल्या.

पाणी पिवळंच राहिलं. आरोहीने ते थपथप उडवलं. महाराजांच्या कफनीवर, लिंबांवर, पहिल्या रांगेतल्या बायकांवर पिवळे शिंतोडे उडाले, तरी पाणी पिवळंच.

"महाराज," मी म्हटलं, "इथं बसलेल्या आमच्या पोरींचे रिपोर्ट नुसते अंदाजाचे आहेत, त्यांच्या हातांनी पाणी लाल होतं. या मुलीला तर डाउन सिंड्रोम आहेच. हिच्या हातानं पाणी लाल का होत नाही?"

"भस्म न लावता कसं व्हईल?" महाराज उखडले. "भस्माबिगर दोष दिसत न्हाई. कोण हाय ही पोर? भाईर न्या हिला."

लंकाबाई आरोहीला ओढायला पुढे झाली. आरोही रडायला लागली. ते बघून आमच्या तात्यांना राहवलं नाही. "ए बाई, वढू नको लेकराला," म्हणत ते उठले. नुकतीच तळहातावर तंबाखू मळून त्यांनी दाढेखाली ठेवली होती. तसेच पुढे होऊन त्यांनी वाडग्यातले आरोहीचे हात अलगद बाहेर काढले. काढताना त्यांचा स्वतःचा हात पाण्यात बुडाला.

पाणी लाल झालं.

तात्या आपल्या हाताकडे बघत राहिले, जसा तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग मागून एका बाईने शांतपणे विचारलं, "पावणं, कितवा म्हैना?"

शेड हसून हसून हलली. पदर तोंडाला लावून बायका एकमेकींवर कोसळत होत्या. तात्या लाजले, म्हणाले, "आवं, मी निसती तंबाखू मळली," आणि यावर आणखी मोठा हशा झाला. साळुबाई मात्र हसत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या तळहाताकडे टक लावून बघत होत्या. चाळीस वर्षं त्या हातावर चुना आणि तंबाखू मळलेली त्यांनी पाहिली होती.

"चुना," त्या हळूच म्हणाल्या.

मी तात्यांची चुन्याची डबी घेतली. दुसऱ्या वाडग्यातल्या पिवळ्या पाण्यात काडीभर चुना सोडला. लाल. लंकाबाईच्या पुढ्यातल्या भस्माची चिमूट तिसऱ्या वाडग्यात टाकली. लाल. लिंबू पिळलं. पिवळं. "बघा," मी म्हटलं, "बाई नको, गर्भ नको, रिपोर्ट नको, मंत्रही नको. घरी जाऊन हळद-चुना घ्या आणि स्वतः करून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका."

"मला काय ठावं न्हाई, बाई," लंकाबाई पुटपुटली. "म्हाराज देत्यात ते चोळते. माझं हात लई फुटत्यात त्यानं." तिने तळवे पुढे केले. चुन्याने त्यांना भेगा पडल्या होत्या.

महाराज उठून उभे राहिले. "ही शिकल्याली नास्तिक बाई हाय. हिचं ऐकाल तर पस्तावाल. पाण्याचं सोडा. भाईर झाडावर पाळणं कुणी बांधलं? ते चुन्यानं झालं का?"

कडेवर बाळ घेतलेली एक बाई उभी राहिली. "खरं हाय की. माझा रिपोर्ट खराब व्हता, आन् बाळ बगा." सासूबाईंनी जीपमध्ये विचारलेला तोच प्रश्न. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी समृद्धी उभी राहिली. कधी चार माणसांत मोठ्याने न बोललेली माझी जाऊ.

"माझ्या रिपोर्टात एकास नव्वद लिहिलंय," ती म्हणाली. "म्हणजे माझ्यासारख्या नव्वद जणी इथं बसवल्या, तर त्यातल्या एकोणनव्वद जणींची बाळं काहीच न करता नीट होणार. ताई, तुमचं बाळ नीट झालं, लई चांगलं झालं. पण ते आधीपासूनच नीट होतं. महाराज त्या एकोणनव्वद जणींचे पाळणे झाडाला टांगतात." तिने दाराकडे बघितलं. तिथे अंजना उभी होती. "आणि नव्वदाव्या बाईला टाकीपाशी बसवतात. तिलाच दोष देतात. तिचा पाळणा कुठंय, ते सांगा महाराज."

महाराजांनी घड्याळात बघितलं, आजची बैठक संपली असं म्हणाले आणि मागच्या पडद्याआड गेले. थोड्या वेळाने मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

गर्दी पांगायला लागली. कुणी चुकलं-चुकलं म्हणत, कुणी अजून वाद घालत. काही बायका मला शिव्या देऊन गेल्या, तेही सांगितलं पाहिजे. अंजना आरोहीचे हात पदराने पुसत तिथेच उभी होती.

"मंग मी भेळ खाल्ली त्याचं काय?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आईबापाच्या पेशींतून बाळ घडताना एक क्रोमोसोम कधीकधी जादा येतो. गर्भ राहतो तेव्हाच ते झालेलं असतं. कुणाच्या खाण्यानं नाही, कुणाच्या पापानं नाही. भेळ चांगली होती का?"

"लई चांगली व्हती," ती म्हणाली, आणि हसायला गेली ती रडायलाच लागली. साळुबाईंनी तिला जवळ घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याच आठवड्यात समृद्धीची पुण्यात सुईची तपासणी झाली. उत्तर येईपर्यंतचे दिवस फार जड गेले. त्यावर कुठलाही मंत्र नाही आणि विज्ञानही नाही, ते नुसते काढावे लागतात. सुदर्शन आणि ती रोज संध्याकाळी शेताच्या बांधावर बसून बोलत. काय ठरवलं होतं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. रिपोर्ट आला, बाळाला डाउन सिंड्रोम नव्हता. पावसाळा संपता संपता समृद्धी बाळंत झाली.

अंजनाने पोलिसांत तक्रार दिली. महाराजांचा पत्ता अजून लागलेला नाही, शेडला कुलूप आहे. आरोहीला डॉक्टर अनिसांनी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिच्या हृदयाला भोक होतं, दम त्यानेच लागत होता. आधीच नेलं असतं तर इतकी वर्षं तिला धापा टाकाव्या लागल्या नसत्या. उपचार झाले. आता ती अंगणवाडीत जाते आणि, अंजनाच्या सांगण्याप्रमाणे, तिथल्या ताईंना हुकूम सोडते.

मध्यंतरी आमच्या गावात बायकांशी बोलायला डॉक्टर अनिसांना बोलवलं होतं. साळुबाई पुढच्या रांगेत बसल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. "तुमची पहिली तपासणी हाय रिस्क म्हणली, दुसरी म्हणली काय न्हाई. मंग पहिली खोटी का?"

"खोटी नाही, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "ती चाळण आहे. कुणाला पुढं तपासायचं तेवढं ती निवडते. चाळणीत अडकलेले सगळेच खडे नसतात, आणि चाळणीतून एखादा खडा निसटूही शकतो."

साळुबाईंनी हे तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. मग सुईच्या धोक्याचं विचारलं. मग म्हणाल्या, तुमच्याकडनं कधी चूक झाली का? डॉक्टरबाईंनी तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलं, धोका सांगितला, आणि चूक झाल्याचंही कबूल केलं.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. तुम्हाला हळदीची रसायनं माहीत नसतील, नव्वदाचं गणित डोक्यात बसत नसेल, तरी हरकत नाही. प्रश्न विचारता येतो ना, मग तो विचारा. समोरचा भगव्या कपड्यात असो नाहीतर पांढऱ्या कोटात, पुन्हा पुन्हा विचारा. ज्याला खरं माहीत आहे तो सांगतो, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो. प्रश्न ऐकून जो चिडतो, त्याच्या पुढ्यात आपल्या लेकीसुनेला हात बुडवायला लावू नका.